अंगठ्याखालची वेळ

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. चावीचं, तळहातात मावणारं, डोक्यावर एकच बटण असलेलं. गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. माझा स्वभाव संशयी आहे. कुणी मला 'अचूक' म्हटलं की मला आधी त्याचा संशय येतो आणि मग स्वतःचा. त्यामुळे पुढचं सगळं मला नीट सांगता येईल की नाही, याचीही मला खात्री नाही. पण त्या घरातल्या प्रत्येकाला या गोष्टीतून काहीतरी हवं होतं. काहीच नको असलेला मी एकटाच होतो. निदान मला तसं वाटतं.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत झाला. तिथे बायका डोळ्याला भिंग लावून बसत आणि चिमट्याने आमच्या पोटात चाकं बसवत. शेवटच्या टेबलावरची बाई मात्र काहीच जोडत नसे. तिचं काम फक्त अविश्वास दाखवायचं. तिने मला उताणं ठेवून पाहिलं, पालथं ठेवून पाहिलं, एक दिवस गार कप्प्यात ठेवलं, एक दिवस दिव्याखाली तापवलं, आणि दर वेळी आपल्या मोठ्या घड्याळाशी ताडून बघितलं. शेवटी माझ्या डबीत तिने चिठ्ठी टाकली : 'मिनिटाला एक पंचमांश सेकंद पुढे. चालेल.' हा माझ्या आयुष्यातला पहिला शेरा. तेव्हा तो मला फार लागला. पुढे लोकांनी माझं जे कौतुक केलं, त्यापेक्षा हा शेरा जास्त खरा होता, असं आता वाटतं.

मला विकत घेतलं एका शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी. त्यांच्या खिशात मी सव्वीस वर्षं काढली. शर्यत सुटताना ते पिस्तुलाच्या आवाजाची वाट बघत नसत, धुराची बघत. मुलांना सांगत, "आवाज चालत येतो, धूर तिथल्या तिथे दिसतो." त्यांचा अंगठा कोरडा आणि शांत होता. तसा अंगठा मला पुन्हा फार उशिरा मिळाला. मी विक्रम मोजले, बक्षीस समारंभ पाहिले, आणि छायाचित्रांत कधीच आलो नाही, कारण तेव्हा मी खिशात असे. मग मैदानावर विजेचे डोळे आले. धावणाऱ्याची छाती रेषेला लागली की ते आपोआप वेळ सांगत. मला घरी टेबलाच्या खणात ठेवलं गेलं. सोबतीला रबरबँडचा गुंता, वाळलेलं पेन आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच न आठवणारी एक किल्ली. अकरा वर्षं मला कुणी चावी दिली नाही. न चालणाऱ्या घड्याळाला वेळ कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल. चांगली कळते.

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलीने तो खण आवरला. मला हातात घेऊन तिने चावी दिली, कानाशी धरलं आणि पर्समध्ये टाकलं. मला वाटलं, वडिलांची आठवण म्हणून. चुकलो. तिला मोजायचं होतं.

तिची मुलगी पाच वर्षांची. घरात सगळे तिला ठकी म्हणत. गोल चेहरा, एका डोळ्यात थोडा तिरळेपणा, आणि हसताना आधी खांदे हसायचे मग तोंड. बोलायला तिला मोजून चौदा शब्द येत होते. ठकीला झटके येत. चालता चालता ती थबकायची, नजर वर जायची, मग डावा हात ताठ व्हायचा आणि बोटं थरथरू लागायची. महिन्याला तीस-बत्तीस वेळा. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला तर दवाखान्यात न्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोबाइलवर वेळ लावायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, मला एकदाच. म्हणून खणातून थेट माझी नेमणूक झाली.

त्या घरात आणखी दोन माणसं होती. ठकीचे बाबा रंगाच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येई आणि बाबा चार डब्यांतून अचूक तोच रंग मिसळून देत. आणि बाबांची आई, म्हणजे आजी. आजी माझ्यापेक्षा संशयी होती. दूध आलं की पातेलं तिरकं करून बघायची, पोळीवाली बाई पोळ्या मोजायची तेव्हा आपणही ओठांत मोजायची, आणि घरात कुणी जास्त गोड बोललं की विचारायची, "काय फोडलंस?"

एके दिवशी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी आईबाबांना बोलावलं. मी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"ठकीच्या मेंदूतल्या काही पेशींना वाढायचं कळतं, थांबायचं कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यातून बारीक गाठी होतात आणि गाठींमुळे झटके येतात. फार थोड्या मुलांना हा आजार होतो. आमच्याकडे एक औषध आहे, ते कर्करोगासाठी बनलेलं. मोठ्या माणसांना बरीच वर्षं देतात. वाढणाऱ्या पेशींना ते थांबायला सांगतं. या मुलांना त्याचा उपयोग होतो का, हे बघायचं आहे."

"होतो का?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही. म्हणून तर चाचणी."

मग त्यांनी चाचणीचं स्वरूप सांगितलं. अठ्ठावीस मुलं. चौदा मुलांना खरं औषध, चौदांना तशाच बाटलीत, तशाच नारिंगी चवीचं, पण औषध नसलेलं पातळ सरबत. कोणाला काय, हे ना आईबापांना माहीत, ना सिस्टरला, ना खुद्द डॉक्टरबाईंना. फक्त औषधाच्या खिडकीमागे बसणाऱ्या एका माणसाकडे यादी. सोळा आठवडे असं चालणार. त्यात घरच्यांनी रोजच्या झटक्यांची संख्या आणि वेळ वहीत लिहायची. सगळ्या मुलांचे सोळा आठवडे संपले की सगळ्यांनाच खरं औषध मिळणार.

बाबांनी संमतीचे कागद तीनदा वाचले. घरी येऊन आजीला म्हणाले, "यात ठकीला सहभागी म्हटलंय. सहलीला असतात सहभागी."

"पोरीला कॅन्सर आहे का?" आजीने विचारलं.

"नाही गं आई."

"मग कॅन्सरचं औषध कशाला? आणि ते तरी धड देणार आहेत का? निम्म्यांना सरबत. म्हणजे घेतलं तर विष, नाही घेतलं तर फसवणूक. छान आहे."

"अहो आई, दुसरं काही उरलेलं नाही," ठकीची आई म्हणाली. "पाच औषधं झाली."

आजीने कागद बाबांकडे सरकवले. तिचा संशय थांबवणारी ती एकच गोष्ट होती.

अशी चाचणी सुरू झाली. दर दोन आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं. लांब बोळ, भिंतीला चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टोकाला जाळीची खिडकी. सिस्टर ठकीचं वजन करायची, रक्त घ्यायची, जुनी बाटली परत घेऊन उरलेलं औषध मोजायची आणि नवी बाटली द्यायची. सिस्टर नेटकी होती, थोडी तुटक. ठकीच्या आईला तिचा पहिल्या दिवसापासून संशय. "ती बाटली देताना हसली," आई बाबांना सांगायची. दुसऱ्या वेळी सिस्टर हसली नाही, तर म्हणाली, "आज हसली नाही. तिला माहीत आहे." जिला काहीही माहीत नव्हतं, तिच्या तोंडावर माझ्या मालकिणीने सोळा अर्थ वाचले.

आणि रोज सकाळी ती टॉर्च घेऊन ठकीचं तोंड तपासायची. या औषधाने तोंड येतं, असं कागदावर लिहिलं होतं. तोंड आलं म्हणजे औषध खरं. आपलं लेकरू जिभेला फोड येऊन कळवळावं, अशी वाट बघणारी आई मी पाहिली आहे, मित्रांनो. तिला नावं ठेवू नका. सहा आठवडे झाले, तरी ठकीची जीभ गुलाबी आणि गुळगुळीत.

"सरबतच आहे," आई म्हणाली. एक थेंब तिने स्वतःच्या जिभेवर घेतला. "नुसती नारिंगी चव."

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. त्या सहा आठवड्यांत आईचा अंगठा बदलला होता. औषध खोटं आहे हे एकदा मनात बसल्यावर ती ठकीची नजर वर जायच्या आधीच मला दाबू लागली. थांबवताना मात्र चाचपडायची, बोटं निवल्यावरही तीन-चार सेकंद जाऊ द्यायची. झटका असायचा दीड मिनिटाचा, वहीत उतरायचा एक मिनिट चाळीसचा. ती खोटं लिहीत नव्हती. माझ्यावर जे दिसलं तेच लिहीत होती. पण माझ्यावर काय दिसावं, हे तिचं मन ठरवत होतं.

सहाव्या आठवड्याला बोळातल्या खुर्चीवर तिच्याशेजारी एक बाई येऊन बसली. ती कपडे शिवायचं काम करायची. पदराला टाचणी टोचलेली, बोटावर सुईचे ठिपके. तिची मुलगी ठकीच्याच वयाची, त्याच आजाराची. मुलगी सारखी ओठ चोखत होती.

"तोंड आलंय हो हिला," शिवणवाली म्हणाली. "पाणीसुद्धा झोंबतं. हे औषध जहाल आहे."

ठकीच्या आईने त्या मुलीच्या तोंडात पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला पर्सच्या कातड्यातूनही कळलं. तो हेवा होता.

"तुमच्या बाटलीत खरं आहे," ती म्हणाली. "आमच्यात पाणी."

"खरं असून काय उपयोग? जेवत नाही पोरगी. झटके आहेत तेवढेच. अर्धंच असतं तर सोसलं असतं."

मग शिवणवालीने आवाज खाली घेतला. "ताई, तुमच्या लेकीला मिळत नाही, माझ्या लेकीला सोसत नाही. तुम्ही राहता कुठे?"

त्या रविवारी ती बाटली घेऊन घरी आली. बाबांनी आधी नाही म्हटलं. मग दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. रंग ओळखणं हा त्यांचा धंदा.

"सारख्या," ते म्हणाले. "अगदी एक शेड. इतकं सारखं काहीही नसतं, मुद्दाम केल्याशिवाय." आणि त्यातच त्यांचाही संशय पक्का झाला. त्यांनी धुतलेला, पुसलेला जग घेतला, दोन्ही बाटल्यांवर पातळीच्या ठिकाणी पेन्सिलची रेघ मारली, दोन्ही जगात ओतल्या. "आधी हळू ढवळायचं, मग तळापासून," असं स्वतःशीच म्हणत चमच्याने ढवळलं आणि पुन्हा बरोबर रेघेपर्यंत भरलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर करतात तसं सगळं नीट, एक थेंब न सांडता. मी इतकी नीटनेटकी चूक दुसरी पाहिली नाही.

आजी दारात उभी होती. "कोणाचं उष्टं कोणाला पाजताय?"

"उष्टं नाही आई, वाटून घेतोय," ठकीची आई म्हणाली.

"डॉक्टरीण बाईला विचारलंत?"

"तिला विचारायचं असतं तर लपून कशाला केलं असतं?"

"तेच म्हणते मी," आजी म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या दोन आठवड्यांत झटके कमी लांबीचे झाले. वहीत तसं लिहिलंय : एक तीस, एक अठ्ठावीस, एक वीस. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. शिवणवालीचा फोन आला, तिच्या मुलीचं तोंड बरं झालं, जेवायला लागली. सगळे खूश. मी नव्हतो. कारण आता आईचा अंगठा नजर वर गेल्यावर क्षणभर घुटमळायचा, 'कदाचित नसेलच' असं म्हणत; आणि बोटं अजून थरथरत असतानाच मला थांबवायचा, 'संपला' असं म्हणत. मला कळेना की कमी झालंय ते ठकीचं दुखणं की तिच्या आईचं. मी घड्याळ. माझ्याकडे तोंड नाही, फक्त काटे.

आठव्या आठवड्याला नेहमीप्रमाणे रक्त घेतलं. त्यानंतर चार दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला : औषध ताबडतोब थांबवा, बाटली घेऊन या.

बोळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जवळपासच्या सगळ्या मुलांचे आईबाप बाटल्या हातात घेऊन उभे. जाळीची खिडकी बंद. झालं होतं असं, की रक्तात औषध किती आहे हे फक्त खिडकीमागच्या माणसाला कळत असे. आणि ज्या मुलीला सरबत मिळत होतं, तिच्या रक्तात त्याला औषध सापडलं. त्याने सरळ विचार केला : बाटल्यांची अदलाबदल झाली. आणि बाटल्या देत होती सिस्टर. एका मुलीची बाटली चुकली असेल, तर अठ्ठावीसही चुकल्या असतील. म्हणून खरा घोळ सापडेपर्यंत कुणालाच औषध द्यायचं नाही.

सिस्टर एका लहान टेबलाशी बसून एकेकाला बोलावत होती. तिच्या मागे दोन अनोळखी माणसं तिची वही उलटीपालटी करत होती. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या, पण अक्षर नेहमीसारखंच नेटकं.

"ताई, मी दिलेली बाटली तुम्ही दुसऱ्या कुणाला दिली होती का? कुणाची घेतली होती का?"

"नाही," ठकीची आई म्हणाली.

तिचा हात पर्समध्ये होता. अंगठा माझ्या बटणावर. तिने मला दाबलं, थांबवलं, पुन्हा दाबलं. मी काहीही मोजत नव्हतो.

"बघा, आठवा," सिस्टर म्हणाली. "माझ्यासाठी नाही. ही सगळी मुलं औषधाविना बसली आहेत."

"नाही म्हटलं ना."

दाराशी शिवणवाली भेटली. "मी पण नाहीच म्हटलं," ती कुजबुजली. "सांगितलं तर दोघींना काढून टाकतील. पुढे सगळ्यांना खरं मिळणार आहे त्यातूनही. सिस्टरला काय, दुसऱ्या वॉर्डात पाठवतील."

"आणि बाकीची सव्वीस?"

"ती आपली आहेत का?"

त्याच वेळी एक वडील बंद खिडकीपाशी गेले, जाळीवर बोटाने टकटक केली, थांबले, पुन्हा टकटक केली आणि खांद्यावर झोपलेली मुलगी सांभाळत परत फिरले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिने आजीला सगळं सांगितलं. मला वाटलं आजी म्हणेल, 'मी आधीच म्हटलं होतं'. ती तसं म्हणाली, एकदा नाही, तीनदा म्हणाली. मग ताटलीतला वाटाणा सोलता सोलता म्हणाली, "त्या सिस्टरवर माझा कधीच भरवसा नव्हता."

"माहीत आहे."

"पण जे तिनं केलं नाही, ते तिच्या नावावर नको. उद्या जा. आणि त्या रंगाऱ्याला घेऊन जा बरोबर, ढवळणारा तोच होता."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरबाईंच्या समोर बसली. जाण्यापूर्वी शिवणवालीला फोन केला, ती रडली, रागावली आणि शेवटी म्हणाली, "सांगा." आईने सगळं सांगितलं, न थांबता, खाली बघत. बाबा पेन्सिलच्या रेघेचंही सांगून मोकळे झाले, जणू तेवढी तरी नोंद त्यांच्या बाजूने व्हावी.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि कपाळ चोळलं. मग फोनवर म्हणाल्या, "सिस्टरला सांगा, तिची चूक नाही. आत्ता सांगा." मग खिडकीमागच्या माणसाला बोलावून घेतलं. दोन्ही मुलींना एकमेकींचं औषध गेलं होतं, त्यामुळे काय गेलं हे आता कळणं भाग होतं. त्याने एक बंद पाकीट आणलं, फोडलं, आणि कागद डॉक्टरबाईंपुढे ठेवला.

"आमच्यात सरबत होतं," आई म्हणाली. "मला माहीत होतं. आणि मिसळल्यावर ठकीचे झटके कमी झाले, वहीत आहे. पंधरा-वीस सेकंदांनी. तेवढं तरी धरा."

डॉक्टरबाईंनी कागद तिच्याकडे वळवला.

ठकीच्या बाटलीत खरं औषध होतं. पहिल्या दिवसापासून. सरबत होतं ते शिवणवालीच्या बाटलीत. मुलांचं तोंड नुसतंही येतं. सहा आठवडे ठकीला पुरं औषध मिळत होतं, आणि दोन आठवडे तिच्या आईबापांनी, एक थेंब न सांडता, त्यातलं अर्धं काढून दिलं होतं.

बाबा आपल्या तळहातांकडे बघत बसले. आई म्हणाली, "मग अर्ध्यावर झटके कमी कसे झाले?"

"मला माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच ठकीच्या आईने त्या वाक्यावर विश्वास ठेवला. "म्हणूनच कुणाला सांगत नाही आम्ही. मलासुद्धा कळू नये म्हणून. मला कळलं असतं तर माझी नजरही बदलली असती."

आईने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली. माझी चूक होती असं नाही, पण साक्षीदारालाही लाज वाटते.

निकाल असा लागला. खिडकी दुसऱ्या दिवशी उघडली, सव्वीस मुलांचं औषध सुरू झालं. सिस्टर आपल्या जागेवर परत आली; ठकीच्या आईने माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "बसा, वजन करू," एवढंच. आजवर मला कळलेलं नाही की तिने माफ केलं की नाही. ठकी आणि ती दुसरी मुलगी मोजणीतून बाद झाल्या. इतक्या दुर्मिळ आजारात दोन मुलं म्हणजे थोडी नव्हेत. त्यांच्या जागी नवी दोन मुलं सापडायला पाच महिने लागले, आणि उत्तर सगळ्यांसाठीच तितकं पुढे गेलं. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने या दोघींना खरं औषध द्यायला परवानगी दिली, पण सगळ्यांत शेवटी. तोवर ठकीला जुन्याच गोळ्या. त्या महिन्यांत आईने मला रोज चावी दिली, वही रोज लिहिली आणि स्वतःला एकदाही सूट दिली नाही.

ज्या दिवशी खऱ्या औषधाची बाटली घरी आली, त्या दिवशी ठकीच्या आईने मला आजीच्या पुढ्यात ठेवलं.

"आता तुम्ही मोजा, आई."

"मी कशाला? मला ते औषध पटलेलंच नाही."

"म्हणूनच."

आजीने मला डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, उलटं करून पाठ पाहिली. दुधाचं पातेलं बघावं तसं. "हे पुढे पळत असेल," ती म्हणाली. मित्रांनो, त्या शेवटच्या टेबलावरच्या बाईनंतर मला कुणी इतकं बरोबर ओळखलं नव्हतं.

तिचा अंगठा सुरकुतलेला, कोरडा आणि शांत. पहिल्याच सकाळी झटका आला. आजीने नजर वर गेल्याबरोबर मला दाबलं.

"थांबला," थोड्या वेळाने ठकीची आई म्हणाली.

"कुठला थांबलाय? करंगळी हलतेय."

"आई, थांबला."

"तू तुझं बघ. मी माझं बघते."

करंगळी निवली, तेव्हाच आजीने मला थांबवलं. चष्मा सारखा केला, वहीत आकडा लिहिला आणि वर हात ठेवून झाकून घेतला, परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून झाकतात तसा. महिना संपेपर्यंत तिने सुनेला एकही आकडा सांगितला नाही. पहिल्या महिन्यात एकतीस झटके. दुसऱ्यात सत्तावीस. तिसऱ्यात एकोणीस. त्या एकोणीसपुढे आजीने स्वतःच्या हाताने लिहिलंय : 'दोन मी झोपेत असताना झाले असतील. औषधाला जास्त श्रेय देऊ नये.' डॉक्टरबाईंनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, की अशी वही त्यांना फार कमी मिळते. ठकीला औषधाने बरं केलं का? कमी झालं, एवढं म्हणेन. किती आणि कशामुळे, ते अठ्ठावीस मुलांच्या वह्या एकत्र होतील तेव्हा कळेल, आणि तेव्हाही मी एकदा तपासून घेईन.

मित्रांनो, मला रोज चावी द्या, ओल लागू देऊ नका, खणात टाकून विसरू नका. जुन्या वस्तू असंच मागतात आणि मीही मागतो. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचं दुखणं मोजायची वेळ आली, तर मला स्वतःच्या हातात धरू नका. ज्याला काही खपवायचं नाही, ज्याला तुमची आशाही पटत नाही, अशा माणसाकडे मला द्या. संशय घ्यायला हरकत नाही. तो घेऊन शेवटपर्यंत बघत बसायला हवं, मनात लगेच उत्तर लिहून टाकायला नको.

आजीने पहिल्यांदा मोजलं त्या सकाळी ती मला धरून बसली होती, चष्म्यातून करंगळीकडे बघत. ठकीचा डावा हात ताठ झाला होता. इतके महिने प्रत्येक झटक्यात तिच्या आईच्या हातात मी असायचो. त्या दिवशी आईचे दोन्ही हात मोकळे होते, आणि क्षणभर तिला त्यांचं काय करावं हेच कळेना. मग तिने ठकीचा तो थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो शांत होईपर्यंत धरून ठेवला. किती वेळ, ते तिने विचारलं नाही.